शनिवारी रात्री बारा वीसची गाडी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. दोन वीकेंड रिलीजमध्ये गेले, तिसरा झोपेत. आज रविवार आहे, दुसरा चहा झालाय, आणि आठवडाभर डोक्यात घोळणारा विषय आता उतरवून टाकतो.

झालं असं की आमच्या टीममध्ये एक नवीन मुलगा आलाय. मूळचा चाळीसगावकडचा, दहावीपर्यंत मराठी माध्यम. काम एकदम चोख. बुधवारी त्याने क्लायंटला पाठवायचा एक मेल आधी मला दाखवला. तीनच ओळी होत्या. 'आय ॲम वर्किंग ऑन धिस मॉड्यूल सिन्स टू वीक्स. आय विल कम्प्लीट इट टिल मंडे. आफ्टर एट डेज आय विल गिव्ह द डेमो.' तीन ओळी आणि तिन्हींत वेळेची चूक. मी लाल रंगात दुरुस्त्या करून परत पाठवला. तो जागेवर येऊन म्हणाला, "सर, ग्रामर जरा कच्चं आहे माझं."

मी मोठ्या माणसासारखी मान डोलावली. पण तो गेल्यावर वाटलं, यात ग्रामर कच्चं असण्याचा फारसा संबंध नाही. त्याने मराठीत विचार केला, प्रत्येक शब्दाला पाठ केलेला इंग्रजी शब्द लावला, आणि मेल लिहिला. 'पासून'ला सिन्स, 'पर्यंत'ला टिल, 'आठ दिवसांनी'ला आफ्टर एट डेज. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या वाढल्या त्यांनी हेच केलं, पाचवीपासून एबीसीडी शिकलेल्या माझ्या पिढीनेही हेच केलं. मराठीत वेळ मोजायची एक जुनी रीत आहे. ती आपण इंग्रजीत लिहितानाही सोडत नाही, आणि आपल्याला ते कळतही नाही.

आणि खरं सांगायचं तर त्या पोराला हसायचा मला अधिकारच नाही. आमच्या घरातली वेळेची सगळ्यात मोठी चूक मी केलेली आहे. तीही इंग्रजीत नाही, शुद्ध मराठीत.

डिसेंबर २००४. मी पुण्यात नोकरीला, आई आणि अप्पा जळगावला, पिंप्राळ्यातल्या घरी. मुंबईला माझी आत्या खूप आजारी होती. अप्पांची थोरली बहीण, ते तिला आक्का म्हणायचे. एका रविवारी घरी गेलो असताना जळगाव स्टेशनवर रांगेत उभा राहून मी अप्पांचं मुंबईचं रिझर्वेशन काढून आणलं. तिकिटावर छापलेलं होतं : १८ डिसेंबर, ००:२०. अप्पांना तिकिटावरचं बारीक दिसायचं नाही, म्हणून मी एका कागदावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं आणि तो भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी चिकटवला.

'शनिवार, १८ डिसेंबर. रात्री १२.२० ची गाडी.'

आणि मी पुण्याची बस पकडली. यात काय चुकलं ते तुमच्यापैकी काहींच्या आत्ताच लक्षात आलं असेल. माझ्या तेव्हा नाही आलं. त्या गाडीचं काय झालं ते शेवटी सांगतो, कारण ते समजायला थोडं मागे जावं लागेल. थोडं म्हणजे, चांगलं दोनेकशे वर्षं.

*

आधी घड्याळ नव्हतं तेव्हाची गोष्ट. दिवस सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत. त्याच्या ६० घटिका, म्हणजे एक घटिका २४ मिनिटांची. एका घटिकेची ६० पळं, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचं. साडेसात घटिकांचा एक प्रहर, दिवसरात्रीचे मिळून आठ. मोजायचं साधन म्हणजे घटिकापात्र. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका झाली. लग्नाच्या मुहूर्ताला हे पात्र मांडायची पद्धत बरीच वर्षं टिकली, आणि 'घटका भरली' हा वाक्प्रचार त्याच वाटीतून आला.

गंमत बघा, ही मोजमापं गेली पण शब्द गेले नाहीत, फक्त ढिले झाले. 'घटकाभर बस' म्हणणारा कुणी २४ मिनिटं मोजत नाही, आणि 'पळभर थांब'चे २४ सेकंद कुणी धरत नाही. इंग्रजीतही तसंच झालंय. मध्ययुगात 'मोमेंट' हे पक्कं माप होतं, तासाचा चाळिसावा भाग, म्हणजे ९० सेकंद. आज 'वन मोमेंट प्लीज' म्हणून आपल्याला फोनवर वीस मिनिटं गाणं ऐकवतात.

घटिका संपली की ती गावाला कळवायला धातूची थाळी ठोकत. या थाळीचं नाव तास. मोल्सवर्थच्या कोशात तास म्हणजे ठोकायची थाळी आणि तास म्हणजे साठ मिनिटं, असे दोन्ही अर्थ सापडतात. म्हणून आपण 'किती वाजले' असं विचारतो. वेळ आपल्याकडे दिसत नाही, वाजते. मनगटावरचं डिजिटल घड्याळ मुकं असलं तरी त्यात आपले सात 'वाजतात'. आणि इंग्रजांकडे? 'ओक्लॉक' म्हणजे 'ऑफ द क्लॉक', आणि क्लॉक हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ घंटा. म्हणजे 'सेव्हन ओक्लॉक' आणि 'सात वाजले' ही दोन्ही घंटेचीच बाळं. मिनिट आणि सेकंद आपण इंग्रजीतून जसेच्या तसे उचलले, पण तास मात्र आपलाच ठेवला.

आणखी एक जोडी. इंग्रजी 'नून' म्हणजे भर दुपारचे बारा. पण तो शब्द लॅटिनमधल्या 'नववा तास' या अर्थाच्या शब्दापासून आलाय. सूर्योदयापासून नऊ तास, म्हणजे साधारण दुपारचे तीन. आपल्या मापाने बरोबर तिसरा प्रहर संपतो ती वेळ. ख्रिस्ती मठांतली त्या वेळची प्रार्थना हळूहळू अलीकडे सरकत गेली आणि तिच्याबरोबर नूनही तीनवरून बारावर आला. म्हणजे साहेबाचा दिवससुद्धा एके काळी सूर्योदयापासूनच मोजला जात होता.

आता खरा मुद्दा. दिवस बदलतो कधी? आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. तिथी घड्याळाच्या कुठल्याही वेळी सुरू होते, पण बहुतेक वेळा सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची. पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो. लहानपणी आदल्या रात्री आम्ही पोरं जागत बसायचो, आणि रात्रीचे दोन वाजले तरी आमच्या लेखी 'उद्या' रथ असायचा. 'आज' रथ आहे असं कुणी म्हणायचं नाही. झोपून उठल्याशिवाय आज होत नाही, हा आमच्या घरातला नियम. तुमच्याकडेही बहुधा हाच असेल.

हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. आर्यभटाच्याच दोन पद्धती सांगितल्या जातात. एकीत दिवस सूर्योदयाला सुरू होतो, दुसरीत मध्यरात्री. आणि साहेबाचं म्हणाल, तर ग्रिनिचचे खगोलशास्त्रज्ञ १९२५ सालापर्यंत तारीख दुपारी बारा वाजता बदलत होते. रात्रभर आकाश बघणाऱ्या माणसाला मध्येच तारीख बदलणं गैरसोयीचं, म्हणून. तेव्हा तारीख मध्यरात्रीच बदलते ही काही निसर्गाने ठरवलेली गोष्ट नाही. ती सोय आहे.

*

खानदेशात ही सोय रेल्वेने आणली.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी सुटली तेव्हा वेळ होती दुपारचे तीन वाजून पस्तीस मिनिटं. 'तिसऱ्या प्रहरी' असं मोघम म्हणून भागणार नव्हतं, मिनिट सांगावं लागत होतं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा हाच लोहमार्ग पुढे घाट चढून १८६० च्या दशकात जळगाव-भुसावळला पोचला. १८७० मध्ये तो जबलपूरपाशी पलीकडून आलेल्या मार्गाला मिळाला आणि मुंबई-कलकत्ता सलग झालं.

आता पंचाईत अशी की पृथ्वी फिरते. दर अंशाला चार मिनिटांचा फरक पडतो. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, मद्रासची ५ तास २१ मिनिटं पुढे, कलकत्त्याची जवळजवळ ५ तास ५४ मिनिटं. प्रत्येक गाव आपापल्या सूर्यावर चालणार असेल तर वेळापत्रक छापायचं कसं? म्हणून रेल्वेने त्याच सुमारास मद्रासची वेळ धरली. मद्रासला वेधशाळा होती, तिथून तारेने वेळ कळवता येत होती, आणि मद्रास मुंबई-कलकत्त्याच्या साधारण मधोमध पडत होतं.

आता मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे गणित केल्याशिवाय राहवत नाही. जळगाव साधारण साडेपंच्याहत्तर अंश पूर्व रेखांशावर आहे. म्हणजे जळगावची स्वतःची वेळ ग्रिनिचपेक्षा सुमारे ५ तास २ मिनिटं पुढे. रेल्वेचं घड्याळ बारा दाखवत असेल तेव्हा जळगावचा सूर्य ११ वाजून ४१ मिनिटांवर, आणि मुंबईकराच्या खिशातलं घड्याळ साडेअकरावर. एकाच फलाटावर तीन वेळा, आणि तिन्ही खऱ्या. सूर्य बघून निघालेल्या शेतकऱ्याची गाडी चुकत असेल तर त्यात आश्चर्य काय!

मुंबईने या प्रकाराला जोरदार विरोध केला. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन (हो, आपल्या फर्ग्युसन कॉलेजचं नाव ज्यांच्यावरून पडलं तेच) यांनी सरकारी कामाला मद्रास टाइम लागू केला. लोक बिथरले. हे परक्या गावाचे अर्धा तास पुढचे काटे आमच्या माथी का, असा सवाल होता. नुकत्याच बांधलेल्या राजाबाई टॉवरचं घड्याळ कुठली वेळ दाखवणार यावरही वाद रंगला. शेवटी १८८३ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली.

मग १ जानेवारी १९०६ ला आली इंडियन स्टँडर्ड टाइम, म्हणजे आपली आयएसटी. साडेब्याऐंशी अंश रेखांश धरून ग्रिनिचच्या बरोबर साडेपाच तास पुढे. मुंबईचं घड्याळ एकदम ३९ मिनिटं पुढे ढकलायचं. त्या जानेवारीत मुंबईच्या हजारो गिरणी कामगारांनी काम नाकारलं, दगडफेकही झाली. त्यांच्या दृष्टीने प्रश्न सोपा होता. भोंगा नव्या वेळेवर गेला म्हणजे सूर्याच्या हिशोबाने अंधारात उठून गिरणीत जायचं. मुंबई कॉर्पोरेशनने तर जुना 'मुंबई टाइम' असा धरून ठेवला की तो स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं चालू होता. आणि त्याच १९०६ मध्ये सरकारने खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले, जळगाव पूर्व खानदेशचं मुख्य ठाणं झालं. एकाच वर्षी आमच्या गावाला जिल्हाही नवा मिळाला आणि वेळही नवी.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, घड्याळं आणखी एक तास पुढे केली होती. त्या तीन वर्षांत जळगावात सूर्य डोक्यावर यायचा तो सरासरी दुपारी दीडच्या आसपास. हे मला कुठल्या इतिहासाच्या पुस्तकात आधी सापडलं नाही. बहुतेक कॉम्प्युटरमध्ये आणि मोबाइलमध्ये जगातल्या टाइम झोनची एक यादी असते, तिच्यात 'एशिया/कोलकाता' या नावाखाली सापडलं. मद्रास टाइम, १९०६, युद्धातला एक तास, सगळं त्यात मोजक्या ओळींत लिहिलेलं आहे. पिंप्राळ्याच्या शेतकऱ्याची चुकलेली गाडी आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये एक नोंद होऊन बसलीय.

आमच्या घरात एक जुनी लग्नपत्रिका आहे. तिच्यावर मुहूर्ताच्या मिनिटांपुढे कंसात छापलंय, 'स्टँ. टा.'. लहानपणी मला वाटायचं की ही कुणा पाहुण्याची आद्याक्षरं असतील :-) तर ती स्टँडर्ड टाइम. निमंत्रण देताना कुठल्या घड्याळाने यायचं तेही सांगावं लागायचं, त्या काळाची ती खूण.

आजीकडे घड्याळ नव्हतं. तिची वेळ पिंप्राळ्याच्या रेल्वे गेटवर चालायची. गेट पडलं, गाडी धडधडत गेली, की ती विचारायची, "पाचची गेली का रे?" गाडी सहाला आली तरी ती 'पाचचीच'. पाच हे तिच्यासाठी गाडीचं नाव होतं. आता तिथे उड्डाणपूल झालाय. गेटवर खोळंबायची वेळ येत नाही, तशी वेळही कळत नाही.

*

आता परत त्या पोराच्या मेलकडे येऊ. मराठीतली कुठली सवय इंग्रजीत जाऊन अडते, ते एकेक करून बघू.

पहिलं, 'पर्यंत'. 'सोमवारपर्यंत करून देतो' आणि 'सोमवारपर्यंत सुट्टीवर आहे', दोन्हीकडे आपल्याला एकच शब्द पुरतो, कारण फरक क्रियापद सांगतं. पहिल्यात काम कधीतरी संपणार आहे, दुसऱ्यात सुट्टी सतत चालू आहे. इंग्रजीत हा फरक त्या छोट्या शब्दाला सांगावा लागतो. संपायचं असेल तर 'बाय मंडे', चालू राहायचं असेल तर 'टिल मंडे'. त्यातही 'ऑन लीव्ह टिल मंडे' लिहिलं तर सोमवारी येणार की मंगळवारी, हे कुणालाच नक्की कळत नाही. 'बॅक ऑन ट्यूसडे' लिहावं आणि सुटावं.

दुसरं, 'पासून'. '२०२३ पासून' आणि 'दोन आठवड्यांपासून', आपल्याला दोन्ही चालतात. इंग्रजीत सुरुवातीचा बिंदू असेल तर 'सिन्स', लांबी असेल तर 'फॉर'. शिवाय मराठीत 'करतोय' हा वर्तमानकाळ पुरतो, इंग्रजीत 'हॅव बीन वर्किंग फॉर टू वीक्स' असं सगळं लटांबर लागतं.

तिसरं, 'पूर्वी' आणि 'नंतर'. 'दोन वर्षांपूर्वी' म्हणजे 'टू इयर्स अगो', 'बिफोर टू इयर्स' नव्हे. आणि 'दोन दिवसांनी देतो' म्हणजे 'इन टू डेज'. 'आफ्टर टू डेज' लिहिलं तर समोरचा समजतो की दोन दिवस उलटून गेल्यावर, मग कधीही.

चौथं माझं सगळ्यात आवडतं. आठ दिवस. मराठीत 'आठ दिवसांनी ये' म्हणजे पुढच्या आठवड्यात याच वारी. आज रविवार असेल तर पुढचा रविवार. आपण आजचा दिवस धरून मोजतो, म्हणून आठ. आठवडा शब्दातच आठ आहे. तसंच पंधरा दिवस आणि पंधरवडा. फ्रेंच लोकही आठवड्याला 'आठ दिवस' आणि दोन आठवड्यांना 'पंधरा दिवस' म्हणतात. इंग्रज मात्र आजचा दिवस सोडून मोजतो. त्याचा 'फोर्टनाइट' म्हणजे चौदा रात्री. त्यामुळे आपला 'आफ्टर एट डेज'चा डेमो अमेरिकेतला माणूस एक दिवस पुढचा लिहून ठेवतो, आणि आपण एक दिवस आधी कॉलवर एकटेच बसलेले असतो. आमच्या धंद्यात या चुकीला 'ऑफ बाय वन' म्हणतात. प्रोग्रॅममधली ही सगळ्यात जुनी चूक. लिहिताना अगदी क्षुल्लक दिसते.

पाचवं, जिथे मराठी इंग्रजीपेक्षा सरस आहे. 'येत्या शुक्रवारी' आणि 'पुढच्या शुक्रवारी' यांत आपला सहसा गोंधळ होत नाही. इंग्रजीत 'नेक्स्ट फ्रायडे' म्हणजे नक्की कुठला, यावर खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेली माणसं भांडतात. 'बायवीकली'चंही तेच. आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा? दोन्ही अर्थ डिक्शनरीत आहेत. आणि 'प्रीपोन'? तो आपल्याकडे रुळलेला शब्द आहे, ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतही आहे, पण परदेशातला क्लायंट तो वाचून थबकू शकतो. 'मूव्हड अप' लिहून नवीन तारीख सरळ देणं बरं.

सहावं, 'आयएसटी' लिहून निर्धास्त राहू नका. इस्रायल आणि आयर्लंड यांच्या वेळेलाही हीच तीन अक्षरं आहेत. ज्या वेळेसाठी मुंबईत दगड उडाले तिचं नाव तरी पूर्ण लिहावं.

आणि सातवं, रात्रीचे बारा. एएम म्हणजे मध्यान्हापूर्वी, पीएम म्हणजे मध्यान्हानंतर. मग ठीक मध्यान्ह स्वतः काय? दोन्ही नाही. म्हणून '१२ पीएम' म्हणजे दुपार की मध्यरात्र, यावर अमेरिकन सरकारच्या छापखान्याच्या नियमावलीने २००८ मध्ये स्वतःचंच आधीचं मत उलटं केलं. आता '१२ पीएम' म्हणजे दुपार असं धरतात. पण '१२ एएम फ्रायडे' म्हणजे गुरुवार संपतानाची मध्यरात्र की शुक्रवार संपतानाची, हा घोळ उरतोच. म्हणून विम्याच्या कागदांवर आणि डेडलाइनमध्ये ११.५९ किंवा १२.०१ लिहायची पद्धत आहे. मध्यरात्र हा दोन तारखांचा बांध आहे. बांधावर उभं राहून वेळ सांगू नये. एका बाजूला पाय टाकावा.

त्या पोराला मी हे सगळं सांगितलं नाही, तीनच गोष्टी सांगितल्या. तारीख लिही, वार लिही, शहराच्या नावासकट वेळ लिही. महिना अक्षरात, कारण ०५/०६ हा आपल्याला ५ जून आणि अमेरिकनाला ६ मे दिसतो. एवढं केलं की बाय, टिल आणि सिन्स चुकले तरी काम चुकत नाही.

*

आता चिठ्ठी.

तिकिटावर १८ डिसेंबर, ००:२० असं होतं. १८ तारखेला वार शनिवारच होता. म्हणजे चिठ्ठीतला एकही शब्द खोटा नव्हता. पण ००:२० म्हणजे शुक्रवारी रात्री जेवून निघायचं. मी मात्र शून्याचं भाषांतर 'रात्री १२' असं केलं आणि त्याच्या आधी 'शनिवार' लिहिलं. अप्पांनी ते मराठी माणसासारखं वाचलं. शनिवार, मग शनिवारची संध्याकाळ, मग शनिवारची रात्र.

शनिवारी रात्री साडेअकराला अप्पा रिक्षाने स्टेशनवर पोचले. मफलर, एक बॅग, आणि आत्यासाठी पिशवीत भरताची वांगी. खिडकीवरच्या माणसाने तिकीट बघून सांगितलं, "काका, ही गाडी काल गेली."

अप्पा घरी परतले नाहीत. पुढची जी गाडी आली तिच्या जनरल डब्यात उभे राहून रविवारी सकाळी मुंबईला पोचले. शनिवारी दिवसभर आत्या चांगली बोलत होती. दोनदा तिने विचारलं, "आला का तो?" रविवारी सकाळी अप्पा तिच्या उशाशी बसले तेव्हा तिची ओळख गेली होती. सोमवारी ती गेली.

एका दिवसाची चूक. ऑफ बाय वन.

मी अप्पांची माफी मागायला धडपडत होतो, तर ते मलाच समजावत होते. पुढे बऱ्याच महिन्यांनी एकदा जेवताना म्हणाले, "तू शनिवार लिहिलंस, मी शनिवार वाचला. पण रात्र शुक्रवारची होती रे." त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही.

पुढे काही वर्षांनी कामाच्या निमित्ताने मला बस-रेल्वेची वेळापत्रकं कॉम्प्युटरला सांगायची एक पद्धत वाचायला मिळाली. फोनवरच्या नकाशात तुम्ही बस शोधता तेव्हा बहुतेक वेळा मागे तीच असते. तिच्यात मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या गाडीला ००:२० लिहायची सक्ती नाही. आदल्या दिवसाच्या सेवेतली गाडी असेल तर २४:२० लिहायचं. पहाटेची दीड असेल तर २५:३०. काही पंचांगांतही चोवीसच्या पुढचे असे आकडे दिसतात, कारण सूर्योदय झाल्याशिवाय वार बदलत नाही. जपानमध्ये रात्री उशिराचे टीव्हीचे कार्यक्रम असेच छापतात. म्हणजे जगातल्या हुशार इंजिनिअरांनी बसून शेवटी जे ठरवलं ते आमच्या अप्पांना आधीपासून ठाऊक होतं. शुक्रवार, रात्रीचे चोवीस वाजून वीस मिनिटं. तेव्हा मी ते तसं लिहिलं असतं, तर अप्पा हसले असते, आणि वेळेवर पोचले असते.

असो. मुलाचा मेल गेला. क्लायंटचं उत्तरही आलं, डेमो ठरल्या दिवशी आहे.

पुढच्या आठवड्यात आई पुण्याला यायचीय. तिची गाडीही मध्यरात्रीनंतरचीच आहे. तिकीट मी फोनवर पाठवलंय, आणि त्याखाली लिहिलंय, 'आई, शुक्रवारी रात्रीचं जेवण करून निघायचं. अकराला रिक्षा सांगून ठेव. तिकिटावर तारीख शनिवारची दिसेल, ती बघायची नाही.'